कॅम्बर ट्रॅकचा, टो रस्त्याचा

साताऱ्यात महामार्गाला लागून दक्षिणेकडे तोंड केलं की कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळूर, कृष्णगिरी, वेल्लोर अशी गावं मागे टाकत माणूस चेन्नईच्या वेशीवर पोचतो. रस्त्याचा नंबर शेवटपर्यंत ४८ च. चेन्नईच्या जरा अलीकडे, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला, याच महामार्गाला लागून मद्रासचा रेसट्रॅक आहे. ३.७ किलोमीटर लांब, १२ वळणांचा. शाहूपुरीतल्या आमच्या घरापासून त्या फाटकापर्यंत हजार किलोमीटरच्या आसपास अंतर भरतं.

ट्रॅकवर पळवायची गाडी ट्रेलरवर घालून नेणारे पुष्कळ आहेत. मला ते करायचं नाही. माझी पोर्शे केमन जुनी आहे, पुण्यातून घेतलेली. दोन सीट, सीटच्या मागे इंजिन, पुढे आणि मागे जेमतेम बॅग मावेल एवढी डिकी. ती मी चालवायला घेतली, दाखवायला नाही. म्हणून अट अशी की तिच्याच चाकांवर जायचं, त्याच टायरवर ट्रॅक करायचा आणि त्याच टायरवर घरी यायचं. दुसरा सेट सोबत न्यायला जागाही नाही.

चाकांच्या कोनांबद्दल पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं या अटीतून आलेलं आहे. ट्रॅकवरच्या एका दिवसात फार तर शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात. जाऊन-येऊन दोन हजार होतात. टायरचं बहुतेक आयुष्य सरळ रस्त्यावर, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून, सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनमधून जातं. त्याची खरी कसोटी मात्र उरलेल्या त्या थोड्या किलोमीटरांत लागते. दोन्हींसाठी मिळून चाकं एकदाच बांधायची आहेत. कुणी म्हणेल, मग मधला आकडा घ्या. मला ते मुळीच पटत नाही. मधला आकडा घेतला की गाडी रस्त्यावर टायर खाते आणि ट्रॅकवरही टायर खाते, फक्त वेगवेगळ्या कडांनी.

आमचे आण्णा आयुष्यभर गवंडी होते. मी डिप्लोमा करून ठेकेदारीत पडलो, तरी भिंत ओळंब्यात आहे की नाही हे ते लांबून बघून माझ्या आधी सांगतात. घरामागच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा गाडी दोऱ्यांमध्ये उभी केली तेव्हा ते खुर्ची टाकून बसले होते. मी पुढच्या चाकासमोर ओळंबा सोडला, आणि त्यांनी लगेच मान पुढे काढली.

"आरं, फुडची चाकं कललीत की."

"मुद्दाम कलवलीत, आण्णा."

"आन् मग सरळ कवा हुणार?"

"वळणात."

"वळणात बगायला कोण जाणार हाय?"

त्यांचा प्रश्न अगदी मुळातला होता. कॅम्बर म्हणजे चाकाचा समोरून दिसणारा कल. चाकाचा माथा गाडीच्या आत झुकला की निगेटिव्ह, बाहेर झुकला की पॉझिटिव्ह. गाडी जोरात उजवीकडे वळते तेव्हा तिचं अंग डावीकडे झुकतं आणि सगळा भार डाव्या चाकांवर येतो. अंगाबरोबर ते चाकही बाहेरच्या बाजूला कलंडतं, टायरची आतली कड हलकी होते आणि बाहेरच्या खांद्यावर गाडी उभी राहते. नेमक्या त्याच क्षणाला टायर पूर्ण रुंदीने जमिनीवर बसावा, म्हणून उभ्या गाडीत त्याला आधीच आत झुकवून ठेवायचं. यवतेश्वर घाटातल्या जुन्या दगडी संरक्षक भिंती नीट बघितल्या तर त्या डोंगराकडे कललेल्या दिसतात. मागच्या मातीचा रेटा सतत बाहेर ढकलत असतो, म्हणून बांधणाऱ्याने कल आधीच देऊन ठेवलेला असतो. आण्णांना हे सांगितल्यावर पुढचं काही समजवावं लागलं नाही.

किती कलवायचं हे गाडीच्या बांधणीवर ठरतं. चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आडवे हात असतील, म्हणजे डबल विशबोन असेल, तर सस्पेन्शन दबताना चाक आपोआप आत झुकत जातं. हातांच्या लांबीतला फरक ते काम करतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये वरचा हात नसतो. शॉकअॅब्सॉर्बरची नळीच चाकाला वरून धरते. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याची ही रचना १९५० मध्ये फोर्डच्या कॉन्सल आणि झेफायर या गाड्यांमधून इंग्लंडमध्ये लोकांसमोर आली. स्वस्त, सुटसुटीत, कमी जागा घेणारी. आपल्याकडे १९८३ पासून मारुती ८०० ने ती घराघरांत पोचवली. तिची अडचण एकच. गाडी वळणात झुकते तेवढं चाकाला परत आत झुकवायला तिच्याकडे फारसं काही नसतं. केमनला पुढे आणि मागे दोन्हीकडे स्ट्रट आहेत. म्हणून अशा गाडीला उभ्या स्थितीतच जास्त निगेटिव्ह द्यावा लागतो.

कंपनीतून आलेल्या अवस्थेत माझ्या गाडीचा पुढचा कॅम्बर उणे १ अंशाच्या आसपास संपतो. स्ट्रटच्या वरच्या टोपीत जेवढी सरकायला जागा आहे तेवढी वापरली तरी त्याच्या फार पुढे जात नाही. मागे मात्र विक्षिप्त बोल्ट आहेत, म्हणजे मध्य एका बाजूला सरकवलेले, ते फिरवून उणे २ सहज येतो. यात कंपनीचा हिशोब स्पष्ट आहे. सर्वसाधारण माणसाच्या हातात गाडी घसरलीच तर पुढून घसरावी, नाक वळणाच्या बाहेर जावं, म्हणजे घाबरून ब्रेक दाबला तरी मोठा घोळ होत नाही. रस्त्यासाठी हा विचार चांगलाच आहे. पण मद्रासला तशीच नेली की डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड एका दिवसात दाणेदार होऊन सोलत जाते, आणि आतली दोन बोटं रुंदी नवीच्या नवी राहते.

यावर उपाय म्हणजे पुढचे दोन तुकड्यांचे लोअर आर्म, चाकाला खालून धरणारे हात. दोन तुकड्यांच्या मध्ये पोलादी शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, घालायच्या, हात लांब होतो, चाकाचा पाय बाहेर सरकतो आणि माथा आत झुकतो. आर्म बाहेरून मागवले. शिम मात्र मी आपल्याच एमआयडीसीतून ग्राइंड करून घेतल्या. १९२२ पासून कूपरचा कारखाना ज्या गावात लोखंडाचं काम करतोय, त्या गावात दोन शंभरांश मिलिमीटरचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. म्हणजे उजवी वळणं जास्त, आणि डाव्या पुढच्या टायरवर मार जास्त. इथे मला एक गोष्ट सापडली, ती सांगताना मला अजून आनंद होतो. रस्ते बांधण्याच्या धंद्यात असल्यामुळे डांबरी रस्त्याला पाणी वाहून जायला दोन-अडीच टक्के आडवा उतार देतात हे रोजचं आहे. आपण डावीकडून चालतो, म्हणजे आपल्या बाजूचा उतार डावीकडे. अडीच टक्के म्हणजे जवळपास दीड अंश. दोन्ही बाजूंना अगदी सारखी बांधलेली गाडी अशा रस्त्यावर हळूहळू डावीकडे ओढते आणि हजार किलोमीटरमध्ये उजव्या खांद्याला ते जाणवतं. आता चाक ज्या बाजूला झुकलेलं असतं त्या बाजूला ते गाडीला किंचित ढकलत असतं. डाव्या चाकाला निगेटिव्ह थोडा जास्त दिला, तर त्याचा माथा उजवीकडे अधिक झुकतो आणि गाडीला उजवीकडे किंचित रेटा मिळतो. म्हणजे डाव्या पुढच्या चाकाला ट्रॅकसाठी जे हवं, तेच महामार्गाच्या उतारालाही हवं. रस्ता आणि ट्रॅक इतक्या सरळपणे एका बाजूला आलेले मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत. माझ्या गाडीचा पुढचा कॅम्बर म्हणून डावीकडे उणे २.४ आणि उजवीकडे उणे २.१ आहे. तीन दशांश अंशांचा हा फरक ब्रेकमध्ये जाणवत नाही, पण कोल्हापूर ते हुबळी स्टेअरिंग दोन बोटांवर सरळ राहतं.

आता टो. समोरून नाही, वरून बघायचं. दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलेली असली तर टो-इन, एकमेकांपासून दूर वळलेली असली तर टो-आउट. कॅम्बरइतका तो डोळ्यांना दिसत नाही, आणि त्यामुळेच त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. टायर आतून खाल्ला की शंभरातले नव्वद लोक कॅम्बरला दोष देतात. हिशोब करून बघा. चाकाचं तोंड प्रवासाच्या दिशेपासून ०.१ अंश फिरलेलं असेल तर दर किलोमीटरला ते चाक १.७५ मीटर आडवं घासलं जातं. साताऱ्याहून ट्रॅकच्या फाटकापर्यंत जाताना ही घासण पावणेदोन किलोमीटर होते. टो ०.३ अंशांवर असेल तर सव्वापाच किलोमीटर. तो टायर जाण्याच्या प्रवासातच अर्धा झिजून गेला तर त्याचं नवल कसलं? याउलट टो शून्य असेल तर सव्वादोन अंशांचा कॅम्बर घेऊन टायर हजारो किलोमीटर चालतो. आतली कड थोडी आधी झिजते, पण गुळगुळीत, सरळ झिजते. टोने खाल्लेल्या टायरवर हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागतो. हाताने कळणारी ही खूण प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवी, मग गाडी कुठलीही असो.

ट्रॅकवर पुढे थोडा टो-आउट ठेवतात, त्याचं कारणही आहे. वळणात आतलं चाक बाहेरच्या चाकापेक्षा लहान वर्तुळावर फिरतं, त्याला जास्त वळावं लागतं. लांकेनश्पेर्गर या म्युनिकच्या गाडीकाराने ही गोष्ट घोडागाडीसाठी सोडवली आणि १८१८ मध्ये अॅकरमनच्या नावाने इंग्लंडमध्ये तिचं पेटंट झालं. किंचित टो-आउटमुळे आतलं चाक वळण आधी पकडतं आणि स्टेअरिंग फिरवल्याबरोबर नाक आत येतं. ते सुख मी अनुभवलेलं आहे. तरी ते मी सोडून दिलं आहे. टो-आउटची गाडी महामार्गावर प्रत्येक उंचवट्याला डोकं हलवते. आणि कॅम्बर वाढवल्यामुळे वळणात जेवढी पकड मिळाली आहे तेवढी माझ्या हाताला पुरते. माझ्या बाजूने निर्णय झालेला आहे: कॅम्बर ट्रॅकला विचारून ठरवायचा, टो रस्त्याला विचारून. पुढे टो शून्य. मागे प्रत्येक चाकाला ०.१२ अंश टो-इन. इंजिन मागच्या बाजूला असलेल्या गाडीत वळणाच्या मध्यावर पाय काढला किंवा जोरात ब्रेक मारला की सांध्यांतल्या रबरी बुशांमध्ये हालचाल होऊन मागची चाकं बाहेर तोंड करायला बघतात. त्या वेळी ती निदान सरळ राहावीत एवढा टो-इन हातचा ठेवावाच लागतो. तिथे टायर थोडा खर्च झाला तरी चालेल. आपल्याकडच्या पावसात, कराडच्या पुलावर पाणी साचलेलं असताना, मागचा टो-इन कमी असलेली गाडी मला नको.

कॅस्टरवर फार बोलायचं नाही. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष बाजूने बघितला तर मागे कललेला असतो. माझ्या गाडीत तो ८ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे स्टेअरिंग सोडलं की आपोआप सरळ होतं, आणि वळवल्यावर बाहेरच्या चाकाला थोडा जास्तीचा निगेटिव्ह कॅम्बर फुकटात मिळतो. दोन्ही बाजूंना तो सारखा आहे एवढं बघायचं आणि सोडून द्यायचं.

हे सगळं मशीनवर का करत नाही, असं मला विचारतात. करतो. गावातल्या एका टायरच्या दुकानात कॅमेऱ्यांचं नवं मशीन आहे, आणि कोन मोजण्यात ते माझ्या दोरीपेक्षा बारीक आहे. पण पहिल्यांदा तिथे गाडी रॅम्पवर चढवली तेव्हा पडद्यावर पुढची दोन्ही चाकं लाल झाली. मशीन चालवणारा पोरगा विशी-बाविशीचा, कामाला चोख.

"साहेब, हिरव्यात आणू का?"

"नको रे, राहू दे. फक्त किती आहे ते सांग."

"लाल सोडलं तर मालक म्हणतील काम केलंच नाही."

मी त्याला खाली बोलावलं, जुना टायर दाखवला, बाहेरून सोललेला आणि आतून कोरा. तो टायरपाशी उकिडवा बसला, दोन्ही कडांवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मग हिरवं कोणासाठी असतं?" फार नेमका प्रश्न होता. हिरवं असतं ते गाडी बनवणाऱ्याने सर्वांसाठी ठरवलेल्या मर्यादेत असण्यासाठी. त्या मर्यादेत डावं चाक एका टोकाला आणि उजवं दुसऱ्या टोकाला असलं तरी दोन्ही हिरवीच दिसतात, आणि अशी हिरवी गाडी एका बाजूला ओढते. आता तो पोरगा आलेल्या प्रत्येक माणसाला विचारतो, गाडी जास्त कुठे चालते, भरून चालते की एकट्याने, टायर कुठल्या कडेने जातो. गावातल्या किती दुकानांत एवढं विचारतात?

तरीही शेवटचं मोजमाप मी घरी करतो, कारण घरी वेळ असतो, आणि कारण ती हत्यारं माझ्या हातात लहानपणापासून आहेत. ओळंबा, लाईनदोरी, गुण्या, पाण्याची नळी, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी. आधी जमीन. पाण्याच्या नळीने चारही चाकांखालची पातळी बघायची. डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर आहे आणि जमिनीत ५ मिलिमीटरचा फरक राहिला, तर कॅम्बरच्या मोजणीत जवळजवळ ०.२ अंश खोटे येतात. टाइलचे पातळ तुकडे लावून चारही जागा एका पातळीत आणायच्या. त्यावर प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत टाइल, मध्ये ग्रीस. म्हणजे बोल्ट फिरवल्यावर टायर जमिनीला चिकटून न बसता सरकतो आणि सस्पेन्शन खरं बसतं. टायरची हवा चालवतो तेवढी. पेट्रोल अर्धी टाकी. आणि ड्रायव्हरच्या सीटवर सिमेंटचं ५० किलोचं पोतं आणि टाइल चिकटवायच्या पावडरीची २० किलोची पिशवी, कारण गाडीत मी बसल्यावर ती जशी असते तशीच मोजायची आहे. रिकाम्या गाडीचे कोन रिकाम्या गाडीला लखलाभ.

मग गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोन दोऱ्या ताणायच्या, एकमेकींना समांतर. इथे घाई करून चालत नाही. केमनची मागची चाकं पुढच्यापेक्षा थोडी बाहेर आहेत, त्यामुळे दोरीचं अंतर पुढे-मागे सारखं नसतं, पण डावीकडे जेवढं तेवढंच उजवीकडे असलं पाहिजे, पुढेही आणि मागेही. आण्णा या कामाला बसले की दोन दोऱ्यांचे कर्ण मोजून घेतात. मोकळ्या प्लॉटवर पाया आखताना काढतात तसेच. कर्ण जुळले की चौकोन खरा. त्यानंतर दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेचं अंतर आणि मागच्या कडेचं अंतर. त्यातला फरक म्हणजे टो. ०.१ अंश म्हणजे माझ्या रिमवर ०.८ मिलिमीटर. ओळंब्यापासून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेच्या अंतरांतला फरक म्हणजे कॅम्बर. एका अंशाला ८ मिलिमीटर धरायचे. डावीकडे १९ च्या थोडं वर आणि उजवीकडे १७ च्या जवळ आले की माझे आकडे जुळले.

क्रमही महत्त्वाचा आहे. मागची चाकं आधी, कारण गाडी जाते ती मागची चाकं ढकलतील त्या दिशेने. ती तिरकी राहिली तर पुढचं कितीही सरळ बांधा, स्टेअरिंग वाकडं धरून चालवावं लागतं. प्रत्येक चाकाला आधी कॅम्बर, मग टो, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. शेवटी प्रत्येक बोल्ट टॉर्क पानाने ठरलेल्या जोरावर, आणि डोक्यावर पांढऱ्या रंगाची रेघ, जी बोल्टवरून खालच्या धातूपर्यंत जाते. एखाद्या डायव्हर्जनला खड्डा बसला तर दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या आवारात खाली वाकून त्या रेघा बघायच्या. रेघ तुटलेली दिसली नाही तर सेटिंग जागेवर आहे.

आण्णांनी विचारलेलं, वळणात बघायला कोण जाणार? टायर स्वतः सांगतो. सेशन संपवून पिटमध्ये आल्या-आल्या सुईचं थर्मामीटर टायरच्या रबरात टोचायचं, आतल्या कडेजवळ, मध्ये आणि बाहेरच्या कडेजवळ. बंदुकीसारखा लेझरचा थर्मामीटर फक्त वरची साल मोजतो आणि ती पिटपर्यंत येईतो थंड झालेली असते. बाहेरची कड जास्त गरम असेल तर कॅम्बर कमी पडतोय. आतली फारच गरम असेल तर जास्त झालाय. मध्य दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त आहे. तापमान ५-६ अंश सेल्सियसने वाढलं की हवेचा दाब साधारण १ पीएसआयने चढतो, हे लक्षात घेऊन सकाळीच हवा कमी ठेवावी लागते. परतीच्या प्रवासाला निघण्याआधी ती परत भरायची, हे विसरून चालत नाही. डाव्या पुढच्या टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा सहा-आठ अंश गरम आली की मी समाधानी असतो. सरळ पट्टीवर आतली कड थोडी जास्त तापतेच, ते गृहीत धरायचं.

साताऱ्यात राहणाऱ्याला घाटांचा मोह असतो. यवतेश्वर, पसरणी, केळघर, सगळे हाताशी. कासला फुलं असतात तेव्हा यवतेश्वरच्या रस्त्यावर गाड्या, माणसं, माकडं आणि धुकं एकाच वळणावर येतात. माझी गाडी ट्रॅकसाठी बांधलेली आहे, म्हणून मी तिथे ती जोरात चालवत नाही. टायरची पकड वाढली की वेग वाढवायला हात शिवशिवतो, पण समोरून येणाऱ्या एसटीची पकड वाढलेली नसते, दुचाकीवर तिघं बसून येणाऱ्या पोरांची तर नाहीच. डोंगरी रस्त्याच्या वळणाला बाहेरून आत जो उतार देतात तो नियमाप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तो वळणाच्या ठरलेल्या वेगासाठी दिलेला असतो, आणि त्या वेगाला माझ्या कॅम्बरची गरजच नसते. त्या घाटात मी जातो सकाळी सहाच्या आत, तीस-चाळीसच्या वेगाने, काच खाली करून. हळू वेगात स्टेअरिंग कसं परत येतं, बुश कुठे करकरतं, डाव्या-उजव्या वळणात हाताला फरक लागतो का, हे ऐकायला.

आणखी एक सांगतो, कारण आपल्याकडची पोरं मला विचारतात आणि मला त्यांची काळजी वाटते. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवू नका. स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्म आडवा असतो तोवर भूमिती ठीक असते. गाडी खाली बसली की आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं, सस्पेन्शन दबल्यावर चाक आत झुकण्याऐवजी बाहेर झुकायला लागतं, आणि चाक वळवणाऱ्या टाय रॉडचा कोन बिघडल्याने प्रत्येक खड्ड्याला टो बदलतो. दिसायला गाडी रुबाबदार, पण वळणात आधीपेक्षा कमजोर. पाच-सहा अंश कॅम्बर देऊन रिमवर ताणलेले बारीक टायर घालण्याचंही तसंच. ब्रेक मारताना जमिनीला लागलेली पट्टी बोटभर उरते. आणि कुठलाही निगेटिव्ह कॅम्बर असलेली गाडी असो, महिन्यातून एकदा स्टेअरिंग पूर्ण फिरवून टायरची आतली कड बघा. उभ्याने दिसणारा टायर नवा असतो आणि आतल्या कडेला तार निघालेली असते. ती तार हुबळीच्या पुढे शंभरच्या वेगाला बाहेर आली तर काय, याचा विचार करून मी प्रत्येक प्रवासाआधी टॉर्च घेऊन गाडीखाली जातो.

सध्या माझं सगळं लक्ष मागच्या टायरांवर आहे. पुढचे सरळ झिजतायत, कडेपासून कडेपर्यंत फरक थोडा. मागचे मात्र आतून लवकर जातायत, आणि ट्रॅकवर त्यांची आतली कड बाहेरच्यापेक्षा बारा अंशांपर्यंत गरम येते. मागे उणे २ जास्त होतोय, असं दोन्हीकडून दिसतं. उणे १.८ करून बघायचं आहे. पण पुढची पकड तशीच ठेवून मागची बदलायची म्हणजे गाडीचा तोल बदलायचा, आणि इंजिन मागे असलेल्या गाडीत ही गोष्ट सांभाळून करायची असते. टो-इन आहे तेवढाच राहणार, त्याला हात लावणार नाही. नवे मागचे टायर आले की मद्रासला पहिला दिवस जुन्याच आकड्यांवर चालवायचा, चारही टायरांची तापमानं वहीत लिहायची, आणि विक्षिप्त बोल्ट सैल करायचे ते शेडमध्ये परत आल्यावर, पाण्याच्या नळीने पातळी बघून, सीटवर पोतं ठेवून. आण्णांनी दोरी धरायला यायचं कबूल केलं आहे.